गुलाबी हिरा, पण पावतीवर काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराईनिमित्त आपण काढलेल्या दागिन्यांच्या पुरवणीतला गुलाबी हिऱ्यांवरचा मजकूर वाचला. फोटो झकास, पण ‘आता सामान्यांच्याही आवाक्यात’ हे खटकलं. माझी उभी हयात नाशिकच्या सराफ बाजारात हिरे जडवण्यात गेली, म्हणून लिहितो.

जगातले बहुतेक गुलाबी हिरे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अर्गाइल खाणीतून यायचे. तिथेही गुलाबी माल चिमूटभरच, तपकिरी रग्गड. ती खाण २०२० मध्ये बंद झाली. मग पेठेत ट्रेच्या ट्रे भरून दिसतात ते कुठले? बरेचसे प्रयोगशाळेत वाढवलेले. तेही हिरेच, त्यात वावगं नाही; पण तसं सांगून विका ना!

हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला, याचा कटवरूनही (पैलू पाडण्याच्या तऱ्हेवरूनही) अंदाज येतो. गोल ब्रिलियंट (नेहमीचा गोल, खूप पैलूंचा कट) पाडताना रफचं, म्हणजे कच्च्या हिऱ्याचं, बहुधा निम्म्याहून जास्त वजन घासून जातं, शिवाय गोलात रंग फिका दिसतो. गुलाबी रफ इतका महाग, की कारागीर शक्यतो रेडियंट, कुशन (दोन्ही चौकोनी धाटणीचे) किंवा ओव्हल (लंबगोल) पाडतो. वजन वाचतं, रंगही उठतो. स्वस्तातला गोल गुलाबी सॉलिटेअर दिसला की दोन प्रश्न जास्त विचारावेत. पैलूंपायी वजन किती जातं, ते आपल्या त्र्यंबकेश्वराच्या हिऱ्यावरून कळेल. १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी नेला तेव्हा नव्वद कॅरेटच्या घरातला. १९४० मध्ये अमेरिकन जवाहिर हॅरी विन्स्टनने एमराल्ड कट (लांबट चौकोनी) दिल्यावर उरला ४३.३८ कॅरेट. (तो परत कधी येणार, हा वेगळ्या पत्राचा विषय.)

मध्यंतरी भाची अंगठी घेऊन आली. टपोरा, गोल, गुलाबी खडा. भिंग लावून बाजूने पाहिला तर जवळपास पांढरा. खड्याचं घर रोझ गोल्डचं, सगळी लाली त्या सोन्याची! पावतीवर फक्त ‘पिंक डायमंड रिंग’ आणि एकूण वजन. दुकानदार आता म्हणतो, घडणावळ कापून परत घेतो.

हिरा नैसर्गिक, प्रयोगशाळेतला की रंग चढवलेला, आणि खड्याचं वजन सोन्यापासून वेगळं, सेंटमध्ये (शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट), एवढं प्रत्येक पावतीवर लिहायला सराफांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना भाग पाडावं. आपणही पुढच्या पुरवणीत फोटो थोडे कमी करून हिऱ्याचं प्रमाणपत्र कसं वाचायचं ते छापावं.

आपला,
एक निवृत्त जडावकारागीर,
पंचवटी, नाशिक