माणसे वाचली, आता तुटलेल्या भागाचाही तपास करा

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री यांस,
स. न. वि. वि.

छोटे विमान उतरत असताना चाक दगा देते, विमान पोटावर घसरत धावपट्टीच्या कडेला जाऊन थांबते आणि आतली माणसे चालत बाहेर येतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते की तांत्रिक बिघाड झाला, सर्व सुखरूप. प्रकरण तिथेच मिटते. माणसे वाचल्याचा आनंद मलाही होतो. पण हँगरमध्ये आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या देखभाल अभियंत्याला झोप लागू देत नाही तो प्रश्न वेगळाच आहे. नेमके काय तुटले? आणि तसाच भाग आज आणखी किती विमानांत बसवलेला आहे?

हा प्रश्न धसास लावला की काय साधते, हे २००७ मध्ये दिसले. ९ सप्टेंबरला स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे डॅश ८ क्यू४०० विमान डेन्मार्कमधील ऑलबोर्गला उतरले आणि त्याचे उजवे मुख्य चाक कोलमडले. तीनच दिवसांनी त्याच कंपनीच्या त्याच जातीच्या विमानाचे लिथुआनियातील व्हिल्नियसला तसेच झाले. दोन्हीकडे मृत्यू शून्य. तरीही तपास झाला, आणि चाक वर-खाली करणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरच्या दांड्याच्या टोकाशी, आट्यांच्या आत, वरवर पाहून कधीच दिसला नसता असा गंज सापडला. १०,००० हून अधिक फेऱ्या (एक उड्डाण आणि एक उतरणे म्हणजे एक फेरी) झालेली विमाने तपासणी होईपर्यंत उडवू नयेत, असे उत्पादकाने जगभर कळवले. ऑक्टोबरमध्ये कोपनहेगनला तिसरे विमान असेच उतरले, तेव्हा ‘पुन्हा गंजच असणार’ म्हणून कोणी हात झटकले नाहीत. या वेळी एक निसटलेली ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारे रबरी कडे, झडपेच्या छिद्रात अडकली होती.

ही झाली प्रवासी विमाने. चार आसनी विमानासाठी एवढे कोण करतो? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या अपघात-तपासाविषयीच्या परिशिष्ट १३ नुसार गंभीर घटनेचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, तपास बंधनकारक होतो तो विमानाचे कमाल वजन २,२५० किलोपेक्षा जास्त असेल तरच. सेसना १७२ सारखे प्रशिक्षण विमान सव्वा टनाच्याही आत बसते. शिवाय कोणी जबर जखमी नसेल आणि नुकसान चाके, टायर, ब्रेक किंवा प्रोपेलरपुरतेच असेल, तर व्याख्येप्रमाणे तो अपघातच ठरत नाही. म्हणजे ज्या विमानांवर नवशिके उडायला शिकतात, तीच चाळणीतून गळतात.

आणि चाकांची खरी झीज याच विमानांत होते. शिकाऊ वैमानिक टच-अँड-गोचा, म्हणजे उतरून न थांबता लगेच पुन्हा उडण्याचा, सराव करतो तेव्हा एका तासात आठ-दहा वेळा चाके जमिनीवर आदळतात, त्यातली काही आदळणी चांगलीच जबर असतात. नाकाच्या चाकाचा दांडा, त्याचे बोल्ट, कंप शोषणारा डँपर सगळे हे सोसत असतात. तपासणी मात्र ठरते उड्डाणाच्या तासांवर. शंभर तास सरळ उडालेले विमान आणि शंभर तास सराव केलेले विमान लॉगबुकात सारखेच दिसते. मला यातच सर्वांत मोठा धोका वाटतो.

परिशिष्टापेक्षा कडक नियम करायला कोणत्याही देशाला मज्जाव नाही. उतरताना चाक, ब्रेक किंवा त्यांची यंत्रणा निकामी झाली, तर वजन न पाहता तपास व्हावा, असा आदेश आपण काढावा. तुटलेला भाग भंगारात जाण्याआधी प्रयोगशाळेत जावा. भागाचा क्रमांक आणि मोडण्याचे कारण त्या जातीची विमाने चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेला काही दिवसांत कळावे, अंतिम अहवालाची वाट न पाहता. प्रशिक्षण विमानांच्या लॉगबुकात तासांबरोबर उतरण्यांचीही नोंद सक्तीची करावी. आणि कठीण लँडिंग झाले हे स्वतःहून सांगणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा होणार नाही, हे लेखी द्यावे. भीतीपोटी दडवलेले एक लँडिंग पुढच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येते.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
एक विमान देखभाल अभियंता