मासा दोरी घेऊन गेला

प्रिय दोस्ता,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं किती दिवस राहिलंय ते मी मोजलेलं नाही, तूही मोजू नकोस. इकडे सगळं ठीक. कंबर अधूनमधून कुरकुरते, बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येतीत सांगण्यासारखं काही नाही. आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. हिला सांगून पाहिलं, तर म्हणाली, "मासा त्याचं बघून घेईल, तुम्ही झोपा." म्हटलं, आता तूच.

भाच्याला मोठा मासा लागला आणि सुटला. सुटला म्हणजे दोरी तुटली. आणि तुटली ती गळाजवळ नाही, रिळाच्या तोंडाशी. तुला पुढचं सांगायला नको. 70-80 मीटर दोरी शेपटासारखी मागे घेऊन तो मासा पाण्यात फिरतोय, आणि पोरगं म्हणतंय, "जाऊ दे ना मामा, दुसरा लागेल."

झालं असं. आमिष तळाला ठेवून बसलो होतो. दोरी आधी ढिली पडली, मग सावकाश सरकायला लागली. पोरानं रॉड उचलला आणि तो असा वाकला की मी कंबर विसरून उठलो. पहिली धाव झकास झाली, ड्रॅग, म्हणजे रिळातला दोरी ताणानं सोडणारा ब्रेक, व्यवस्थित वाजत होता. माशानं तळ सोडला नाही, जड जड चालला होता, म्हणून मी म्हणतो कॅटफिशच्या घराण्यातला. तू असतास तर महसीर म्हणून भांडला असतास. पण महसीर पहिल्याच धावेत अंगातलं सगळं दाखवतो, हा तसा नव्हता. मग जरा थांबला. दुसऱ्यांदा निघाला तेव्हा ड्रॅगचा आवाजच आला नाही. रॉडचं टोक सरळ पाण्याकडे गेलं आणि फट्.

रीळ हातात घेऊन बघितलं. वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांच्या मधे घुसून बसला होता, नखानं उकरून काढावा लागला. ब्रेडेड म्हणजे विणलेली दोरी, 20 किलो ताण सोसणारी. तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनच्या तंगुसापेक्षा कितीतरी बारीक, आणि ताणत तर जवळपास नाहीच. ती भरताना चिरंजीव एका हातानं हँडल फिरवत होते आणि दुसऱ्या हातात मोबाइल होता, हे त्यानंच मला नंतर हसत हसत सांगितलं. सैल भरलेली बारीक दोरी लहान माशांना चालून जाते. मोठ्याचा ताण आला की वरचा वेढा खालच्या थरात शिरतो, साबणात तार शिरावी तसा. मग तो सुटत नाही, स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी, जागेवर अडतं, आणि ड्रॅग कितीही भारी असला तरी शोभेचा. त्यात लीडर, म्हणजे गळाजवळचा जोडतुकडा, 25 किलोचा! म्हणजे सगळ्यात मजबूत तुकडा माशाच्या तोंडाशी आणि कमजोर जागा आपल्या हातापाशी. हे उलटं हवं. मुख्य दोरी 20 ची असेल तर लीडर 12 चा, म्हणजे तुटायचंच झालं तर तळाशी तुटेल आणि माशाबरोबर वीतभर दोरी जाईल. तू हे शंभरदा बोलला असशील. मी पोराला आता सांगितलं, तर म्हणतो, "आधी का नाही बोललात?" आधी तो विचारतो कुठे? दोरी बांधून, लीडर लावून, आमिष टोचून झाल्यावर मामांना आणतात ते फोटो काढायला.

आता माझं डोकं कुठे अडकलंय ते ऐक. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबलेला होता. तेवढा तुझा नियम मी या पोराच्या डोक्यात घातलाय. म्हणजे दोरी सैल पडली की दोन झटक्यांत गळ निघायला हवा. असं म्हणून मी कूस बदलतो. मग वाटतं, सैल पडेल कशी? एवढी लांब दोरी प्रवाहात असली की पाणीच तिला ओढतं, तो ताण गळावर राहतो, आणि काटा नसला तरी ताण आहे तोवर गळ बसलेलाच राहतो. बरं, मासा साचलेल्या पाण्यात शिरला असेल तर सुटला असेल. पण तळाला धरून चालणारा मासा विसाव्याला जातो कुठे? बुडालेल्या झाडांत, नाहीतर कपारीत. दोरी तिथे एक वेढा घेऊन बसली की संपलं. ही दोरी कुजत तर नाहीच. आता तू म्हणशील, "एवढा विचार माणसांचा केला असतास तर." ते वाक्य तू मला बोलून झालंय, तुझ्या लग्नात, सगळ्यांसमोर.

असो. पोराला आता नवं रीळ हवंय. दोष सगळा रिळाचा, असं त्यानं ठरवलंय. रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन येतो आणि मला आकडे वाचून दाखवतो. 13 बेअरिंग. 7.1:1 गियर. 20 किलोचा ड्रॅग. अरे, 20 किलोचा ड्रॅग लावून हा उभा कुठे राहणार? पहिल्या हिसक्याला पोरगंच पाण्यात जाईल. मी त्याला विचारलं, रीळ कशासाठी असतं? म्हणाला, मासा ओढून आणायला. इथेच सगळं चुकतं. मोठा मासा रिळानं ओढून येत नाही. तो रॉडनं उचलायचा, आणि रॉड खाली नेताना जी दोरी मोकळी होते तेवढी फक्त रिळानं गोळा करायची. रिळाचं खरं काम मासा धावतो तेव्हाचं आहे: दोरी सोडायची, पण फुकट सोडायची नाही.

म्हणून मी त्याला बाटलीचं शिकवलं. आपलंच जुनं. लीडर 12 किलोचा, म्हणजे ड्रॅग त्याचा चौथा हिस्सा, 3 किलो. 3 लिटर पाणी भरलेली बाटली दोरीच्या टोकाला बांधायची, रॉड वाकवून उचलायची, आणि ड्रॅग एवढाच कसायचा की बाटली एकसारखी, न थांबता खाली जाईल. रॉड वाकवूनच, कारण रॉडवरच्या कड्यांचं घर्षणही माशाला ओढावं लागतं. त्याच्या रिळावर गंमत बघ. बाटली आधी हलेचना, आणि मग एकदम हिसका देऊन सुटली. तिथून पुढे सुरळीत. हा सुरुवातीचा हिसकाच दोऱ्या तोडतो. खोक्यावर कमाल ड्रॅग किती ते छापतात, सुरू होताना किती अडतो ते कुणी छापत नाही. पोरगं पहिल्यांदा गप्प झालं.

आणि एक त्याला पटतच नव्हतं. ड्रॅग सकाळी 3 किलोवर लावला म्हणजे दिवसभर 3 वरच राहतो, असं त्याचं म्हणणं. कागदावर वर्तुळं काढून दाखवली. दोरी जात जाते तसा स्पूलवरचा घेर लहान होतो, आणि घेर निम्मा झाला की तेवढाच ड्रॅग फिरवायला माशाला दुप्पट ओढावं लागतं. म्हणजे मासा लांब गेला म्हणून लोक घाबरून कसतात, नेमकं तेव्हा थोडं सैल करायला हवं. शिवाय पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या दोरीचा भार वेगळाच. मासा काठाजवळ आला की पुन्हा तेच, कारण मधे झटका झेलायला दोरी उरलेली नसते, आणि शेवटची उसळी तो तिथेच मारतो.

आता आपल्या भांडणाकडे येऊ, नाहीतर तुला चैन पडणार नाही. पोरासाठी स्पिनिंग रीळ, ज्याचं स्पूल दोरी गुंडाळताना फिरत नाही, की मल्टिप्लायर, ज्याचं स्पूल स्वतः फिरतं? स्पिनिंग रीळ हे पोरखेळ, हे तुझं मत माझ्या कानात अजून आहे. इलिंगवर्थ नावाच्या इंग्रजानं त्याचं पेटंट 1905 साली घेतलं, आणि तुझ्या लेखी ते अजून नवं फॅड! माझं मत जुनंच आहे, स्पिनिंगच बरं. फेकायला सोपं, हलक्या आमिषाला बरं, हँडल या बाजूचं त्या बाजूला करता येतं. मागे खटका असलेलं मिळालं तर तळाला आमिष ठेवून बसणाऱ्याला आणखी काय हवं. खटका पाडला की मासा आमिष घेऊन आरामात चालू लागतो, रॉड पाण्यात जात नाही, हँडल फिरवलं की खरा ड्रॅग लागतो.

एक खोट आहे, तेवढी मी मान्य करतो, आणि तीही हे कार्टं बघून. मासा दोरी ओढत असताना हा हँडल फिरवतच राहतो. ड्रॅग ओरडतोय, दोरी बाहेर चाललीय, आणि हा फिरवतोय. 5:1 च्या रिळावर, म्हणजे हँडल एकदा फिरलं की दोरी गुंडाळणारी कडी पाचदा फिरते तिथे, हँडलच्या एका फेऱ्यात दोरीला पाच पीळ. दहा फेऱ्यांत पन्नास. मल्टिप्लायरचं स्पूल स्वतःच फिरतं, तिथे हा पीळ बसत नाही. दोरी काटकोनात न वळता सरळ आत येते, म्हणून जड ओझ्याला त्याची ओढ जास्त, हेही खरं. पण गुंत्याचं काय? तू फेकलंस, स्पूलवर अंगठा ठेवायला विसरलास, आणि मग संध्याकाळपर्यंत आपण तो गोळा सोडवत होतो. शेवटी तू चाकू काढलास. दोरी माझी होती. मी ते विसरलेलो नाही.

तरीही विषय असा आहे की पोरगं डावखुरं आहे, तुझ्यासारखं. डाव्या हातात रॉड, उजव्या हातानं फिरवायचं. बहुतेक मल्टिप्लायरना हँडल उजवीकडेच असतं, म्हणून तुला ती आयुष्यभर आपली वाटली आणि मला आयुष्यभर परकी. शिवाय आम्ही फेकतो ते काठाजवळच, जड शिसं लावून, तिथे गुंत्याची भीती कमी. मी ठरवलंय की यंदा त्याला ब्रेडेड द्यायचीच नाही. जाड तंगूस, 0.50 मिलिमीटरच्या आसपासचं. ते असं वेढ्यांत घुसत नाही, ताणतं म्हणून पोराचे धसमुसळे हिसके झेलतं, आणि दगडाला घासलं तरी चटकन जात नाही. एवढं जाड तंगूस 200 मीटर मावेल असं स्पूल हवं. गियर 5 च्या आतला, वेग नको, जोर हवा. अंगठा ठेवायची सवय लागली की ड्रॅगला हात न लावता ताण कमीजास्त करता येतो, ते तर तुझं खास अंग. एकदा फोड आला होता तरी.

म्हणजे मी फिरून फिरून आपल्या त्या जुन्या रिळापर्यंत आलो. वर्गणी काढून घेतलेलं. ते तुझ्याकडेच आहे ना? माळ्यावर असेल तर शोध. मला ते पोराला द्यायचंय. दान नव्हे, उसनं. तो आधी तंगूस ओल्या फडक्यातून घट्ट भरायला शिकेल, मीच समोर बसून भरून घेणार आहे, काठापासून दोनेक मिलिमीटर मोकळं सोडून. बाटलीची परीक्षा त्या रिळावर पास झाली तर नव्या रिळाचा विषयच मिटला. अडलं तर ड्रॅगमधले वॉशर बदलू, त्याचे वॉशर अजून मिळतात. तू माझ्यावर विजय मिळवलास असं पत्रात लिहू नकोस, पोरगं वाचतं.

तुझ्या बदलीचं दादाकडून कळलं. बरं झालं की वाईट ते कळव, तसं अभिनंदन किंवा सांत्वन करीन. आईंचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेलच. धाकटीच्या निकालाचं काय झालं? वहिनींना नमस्कार सांग, आणि माळ्यावर चढायला त्यांना लावू नकोस.

त्या पाण्यावर मी पुन्हा जाऊन आलो. दोरी कुठे तरंगताना किंवा झाडीत अडकलेली दिसते का ते बघत काठाकाठानं चाललो. एक जुना तंगुसाचा गोळा मिळाला, तो आणून कात्रीनं बारीक केला. आमची दोरी पिवळी होती, ती दिसली नाही. यातून काय समजायचं ते तू मला लिही. तुला पाण्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे एवढं एकच वाक्य तुला मिळेल, जपून ठेव.

तुझा,
मी

ता. क. रीळ पाठवताना ड्रॅगचं चांदणीसारखं चाक पूर्ण सैल करून पाठव, वॉशर दाबलेले राहिले तर चिकटतात. आणि कृपा करून चांगुलपणा म्हणून आत तेल ओतू नकोस. मागच्या वेळी तू ओतलंस, आणि हँडल उलटं फिरायला लागलं होतं.