मऊ प्रोबच्या डबीतील चुकीच्या बलस्थिरांकाबाबत तक्रार

नागपूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : एएफएम (अणुबल सूक्ष्मदर्शक) प्रोबची डबी बदलून मिळणेबाबत.

महोदय,

जिवंत पेशींचा ताठरपणा मोजण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेने आपल्याकडून सिलिकॉन नायट्राइडच्या मऊ प्रोबची डबी मागवली होती. प्रत्येक कॅन्टिलिव्हर (प्रोबचे सूक्ष्म, लवचीक पाते) स्वतंत्रपणे कॅलिब्रेट केलेला, म्हणजे मोजून तपासलेला असेल, असे आपल्या कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिले होते आणि केवळ त्यासाठीच आम्ही जास्तीची किंमत मोजली. प्रत्यक्षात डबीत एकच छापील कागद निघाला, ज्यावर सगळ्या प्रोबसाठी ०.०६ न्यूटन प्रति मीटर हा एकच बलस्थिरांक (पाते वाकवायला किती बल लागते त्याचे माप) दिलेला आहे.

आम्ही पात्यांच्या औष्णिक कंपनांवरून (उष्णतेमुळे आपोआप होणाऱ्या थरथरीवरून) तपासणी केली, तेव्हा एका प्रोबचा बलस्थिरांक ०.०७, तर त्याच डबीतल्या दुसऱ्याचा ०.२४ भरला. बलस्थिरांक पात्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने जाडी २६ टक्के वाढली तरी तो दुप्पट होतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच तर प्रत्येक पात्याचे वेगळे मोजमाप मागितले होते.

एवढा फरक चालण्यासारखा आहे, हे आपल्या प्रतिनिधींनी फोनवर दिलेले उत्तर आम्हाला मुळीच मान्य नाही. आम्ही पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या स्तनकर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींवर काम करतो. अशा पेशी निरोगी पेशींपेक्षा मऊ असतात, पण तो फरक बरेचदा जेमतेम दीड-दोन पटींचा असतो. बलस्थिरांकातली चूक जशीच्या तशी यंगच्या गुणांकात (पेशीच्या ताठरपणाच्या मापात) उतरते; ०.२४ चे पाते ०.०६ चे समजून हिशेब केला, तर निरोगी पेशीही चौपट मऊ दिसेल आणि ज्या फरकासाठी सारा खटाटोप, तोच पुसला जाईल. शिवाय १ नॅनोन्यूटन बलाला ०.०६ चे मऊ पाते सुमारे १७ नॅनोमीटर वाकते, ०.२४ चे ताठ पाते अवघे ४; डिशमधल्या द्रावणाच्या गोंगाटात एवढीशी हालचाल वेगळी काढणे फार कठीण जाते. संशोधक विद्यार्थ्यांनी जपून वाढवलेल्या पेशी अशा मोजमापात वाया गेल्या, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

तरी संपूर्ण डबी बदलून द्यावी, नव्या डबीतील प्रत्येक प्रोबच्या बलस्थिरांकाची नोंद व मोजणीची पद्धत लेखी कळवावी आणि दोन्ही बाजूंचा वाहतूक खर्च आपण सोसावा. याच बॅचचे प्रोब ज्या अन्य प्रयोगशाळांना गेले असतील, त्यांनाही तातडीने कळवावे, ही आग्रहाची विनंती. आमच्या मोजमापांचे आलेख सोबत जोडले आहेत.

आपली विश्वासू,
प्रयोगशाळा प्रमुख