दारातली सही

मा. संपादक, स. न.

‘आता कॅमेऱ्याने अँजिओप्लास्टी’ ही कालची बातमी वाचली. बातमीतली तपासणी म्हणजे रक्तवाहिनीत बारीक नळी घालून ती आतून पाहणे; तिच्या आयव्हीयूएस या प्रकारात ध्वनिलहरी असतात आणि ओसीटीमध्ये प्रकाशकिरण. कॅमेरा दोन्हींत नसतो, पण ते असो. चौकटीतल्या तज्ज्ञांनी या तपासणीला ‘ऐच्छिक’ म्हटले आहे, ते मात्र सोडवत नाही. मुख्य डावी धमनी, दुभागणारी वाहिनी किंवा लांबलचक अडथळा असेल, तर युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२४ मध्येच तिची सर्वोच्च श्रेणीची शिफारस केली आहे. कोरियात गुंतागुंतीचे अडथळे असलेल्या १,६३९ रुग्णांच्या अभ्यासात हृदयविकाराने मृत्यू, त्याच वाहिनीमुळे झटका किंवा पुन्हा उपचार यांचे एकत्रित प्रमाण केवळ अँजिओग्राफीवर विसंबलेल्यांत १२.३ टक्के, तर ही तपासणी झालेल्यांत ७.७ टक्के राहिले.

माझ्या थोरल्या बंधूंना स्टेंट बसवला, तेव्हा अँजिओग्राफीत सारे छान दिसले होते. अँजिओग्राफीत दिसते ती रक्तवाहिनीची सावली. भिंतीत काय दडले आहे ते तिला ठाऊक नसते. चौदा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा अडथळा आला. दुसऱ्या रुग्णालयात आतून पाहिले, तेव्हा कळले की कॅल्शियमच्या कडक थराने स्टेंट पुरता उघडूच दिला नव्हता. निदान साडेपाच चौरस मिलिमीटर जागा हवी होती, तिथे साडेतीनच होती. पहिल्या रुग्णालयात विचारणा केली, तर ‘ते तुमच्या पॅकेजमध्ये नव्हते’ असे शांतपणे सांगण्यात आले. पॅकेजमध्ये काय नाही हे आधी सांगणे बहुधा पॅकेजमध्ये नसावे.

दुसऱ्या खेपेस ही तपासणी करायची का, असे रुग्णालयाने आम्हाला विचारले खरे, पण कसे? बंधू टेबलावर, कॅथलॅबचे दार अर्धे उघडे, आणि वहिनींपुढे कागद: ‘पन्नास हजार वाढतील, लवकर सांगा.’ ज्या बाईने आयुष्यात बँकेचा फॉर्मही दोनदा वाचल्याखेरीज भरला नाही, तिने तो कागद न वाचता सही केली. सरसकट सगळ्यांची ही तपासणी करा, असे माझे म्हणणे नाही. पण अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी यांच्यात दोन दिवस होते, तेव्हा कोणाला पाच मिनिटे सापडली नाहीत?

२०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला लगाम घातला, त्या आदेशात या तपासणीचे कॅथेटर, म्हणजे ती बारीक नळी, नव्हते. आमच्या बिलात ते ‘इतर साहित्य’ या नावाने आले. चित्रणाची प्रत मागितली, तेव्हा ‘मशीनमध्ये आहे’ असे उत्तर मिळाले. तीन अर्ज झाले, अजून ती मशीनमध्येच आहे.

— एक वाचक, सातारा