मुरड कुठल्या बाजूला?

मडगाव, २८ डिसेंबर

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

पाकीट जाड लागलं तरी आत खाऊ नाही, रंगीत पेन्सिलींनी काढलेली चार चित्रं आहेत. आई, लगेच नाक मुरडू नकोस. बाबा, मधला बटर पेपर हळू काढा, नाहीतर रंग बोटांना लागेल.

नाताळच्या आदल्या दिवशी शेजारच्या आंटीकडून कुस्वाराचं ताट आलं. आपण दिवाळीला फराळाची ताटं फिरवतो, तसंच. बेबिंका, दोदोल, कुलकुल आणि नेवऱ्या. नेवरी म्हणजे आपली करंजीच. इथे ती चवथीला होते तशी नाताळलाही होते. मी घरात दम देऊन ठेवला होता की चित्र होईपर्यंत ताटाला कुणी हात लावायचा नाही. कुलकुल तरी वाचले नाहीत, म्हणून ते चित्रात नाहीत.

पहिलं चित्र बेबिंकाचं. बाबा, २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी तुम्हीच मला फोनवर वाचून दाखवली होती. अंड्याचा बलक, नारळाचं दूध, साखर, तूप. एक थर ओतायचा, वरून आच देऊन तांबूस करायचा, मग त्यावर पुढचा. सात थर व्हायला अख्खी दुपार जाते. मलाही दुपारच लागली. आधी फिकट पिवळा, मग गेरूसारखा, तपकिरी सगळ्यात शेवटी. सुरुवातीलाच गडद रंग दाबून लावला की तो मागे घेता येत नाही, खोडरबरही हात टेकतं.

दोदोलने मात्र रडवलं. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ, तेल सुटेपर्यंत ढवळलेलं. दिसायला काळं, म्हणून मी सरळ काळी पेन्सिल घेतली आणि ताटलीत डांबराचा तुकडा उमटला. दुसऱ्यांदा गडद निळा, त्यावर लाल, त्यावर तपकिरी असं चढवत गेले. वरची तेलकट चमक रंगवलेली नाही, तिथे कागद कोराच सोडलाय. दोन दिवसांनी त्यावर पांढुरकी साय आली. बुरशी वाटली, पण ते पेन्सिलीतलं मेण होतं. मऊ फडक्याने पुसल्यावर गेलं. तुमच्याकडे पोचेपर्यंत पुन्हा आलं तर तसंच पुसा.

तिसरं चित्र पातोळीचं. ते जुनं आहे, ऑगस्टमधलं. हळदीच्या पानात वाफवतात. नागपंचमीला हिंदूंकडे आणि १५ ऑगस्टला मेरीमातेच्या सणाला ख्रिस्ती घरांत. पान सोलल्यावर पिठावर शिरांचा ठसा राहतो, तो कसा काढायचा कळेना. शेवटी शाई संपलेल्या बॉलपेनने कागदावर आधी रेघा दाबून घेतल्या आणि वरून पेन्सिल आडवी फिरवली. रेघा पांढऱ्या राहिल्या! पावसाने कागद दमट होता, म्हणून एक कोपरा जरा फुगलाय.

बाबा, पेन्सिली तुम्ही शिकवलंत तशाच ब्लेडने, लांब टोक ठेवून तासते. शार्पनर मऊ रंग नुसता खातो. लहानपणी ब्लेडला हात लावला म्हणून ओरडायचात, ते कसं कोण जाणे माझ्या लक्षात आहे.

आता चौथं. आंटीच्या नेवरीची कड कातण्याने कापलेली होती, ती पाच मिनिटांत झाली. मग वाटलं, शेजारी तुझी करंजी काढावी, आई. पोटाचा फुगीरपणा जमला, तळताना आलेले बारीक फोडही जमले. कडेशी आले आणि पेन्सिल थांबली. मुरड आतल्या बाजूला वळते की बाहेरच्या? एका वळणावर दुसरं चढतं की त्याखाली जातं? चाळीस वर्षं खातेय, आणि सांगता येईना. माझ्या मोबाइलमध्ये दिवाळीच्या फराळाचे कितीतरी फोटो आहेत. सगळ्यांत आम्हीच दात काढून उभे, ताट कुठेतरी खाली, अर्धं कापलेलं.

आणि या दिवाळीत तर तूही कातणंच घेतलंस. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, उरकतं लवकर. मी पण पुढे काही विचारलं नाही. तुझा अंगठा हल्ली नीट वळत नाही हे बाबांनी परवा फोनवर सांगितलं, तेही हळू आवाजात.

म्हणून चौथ्या चित्रातली करंजी कडेला कोरी आहे. विसरले नाही, मुद्दाम ठेवलीय. ते चित्र फ्रेम करू नका, मला परत हवंय.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी कोल्हापूरला येते, चार दिवस राहीन. सारण मी करीन, पीठ बाबा मळतील (जमतं त्यांना, नाटक करतात). मुरड तू घालायचीस, दोन झाल्या तरी पुरे. मी समोर पेन्सिल घेऊन बसेन. हात मध्ये आणू नकोस असं तू नेहमीसारखं म्हणालीस तरी चालेल.

तुमची,
धाकटी