शनिवारचं जेवण : वाइन आणणाऱ्यांसाठी सूचना

मंडळी, शनिवारी रात्री ८ वाजता आमच्याकडे जेवायला जमायचं आहे. बेत कोळंबीचं कालवण, सुकं मटण, भरली वांगी आणि भाकरीचा.

वाइन आणणाऱ्यांनी शक्यतो नाशिककडची शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन आणावी. तिचा हलका गोडवा आणि आंबटपणा तिखटाला छान सांभाळून घेतो. तुरट, जड रेडबरोबर मात्र मसाला आणखी झोंबतो. मटणासाठी रेड हवीच असेल, तर झिनफँडेलसारखी कमी तुरट, फळांच्या चवीची बघा. ७५० मिलीच्या बाटलीत साधारण ५ ग्लास होतात. आपण १० जण, ४ बाटल्या पुरेत. व्हाइट थंड करूनच आणा.

गाडी चालवणाऱ्यांसाठी सोलकढी भरपूर आहे, आणि कोळंबीबरोबर मला तरी तीच सर्वांत आवडते. कोण काय आणतंय ते शुक्रवारपर्यंत कळवा.