तक्रार: ‘व्हिक्टोरियन कॉर्सेट किट’च्या नावाखाली पाठवलेलं ड्रिल कापड, चपट्या पट्ट्या आणि न लागणारा बस्क

प्रति,
व्यवस्थापक,
विक्री व ग्राहक सेवा विभाग, मुंबई

महोदय,

आज फोन ठेवताना तुमच्याकडच्या बाईंनी विचारलं, “आणखी काही मदत करू का मॅडम?” आणखी म्हणजे कशाच्या वर आणखी, ते मला कळलं नाही. पहिली मदतच अजून व्हायची आहे. म्हणून आता लेखी. बाई मराठीत बोलल्या, तेव्हा मीही मराठीतच लिहिते, म्हणजे नीट समजलं नाही ही सबब तरी उरणार नाही.

मी इथे इंग्लंडात, लिंकन शहरात गिऱ्हाईकांना जुन्या काळचे पोशाख शिवून देते. त्यासाठी तुमच्याकडून कॉर्सेटचं, म्हणजे नाडीने कमर आवळून धरणाऱ्या कडक वस्त्राचं, किट मागवलं. माल तुमचा, तेव्हा त्यात काय असायला हवं हे तुम्हाला ठाऊक असेलच. तुमच्या संकेतस्थळावर आजही लिहिलेलं आहे: शंभर टक्के सुती कूटिल (कॉर्सेटचं घट्ट कापड), हेरिंगबोन विणीचं, दोन मीटर. पोलादी स्पायरल (तारेच्या वेटोळ्यांच्या) पट्ट्या, 24 नग. 1880 च्या दशकातल्या पद्धतीचा स्पून बस्क (कॉर्सेट पुढून बंद करणाऱ्या, खाली चमच्यासारख्या वळलेल्या पोलादी पट्ट्या), एक जोड. किंमत 6,400 रुपये, कुरिअर वेगळं, आणि इंग्लंडात माल उतरल्यावर त्यावर 20 टक्के व्हॅट भरला तो आणखी वेगळा.

खोक्यातून निघालं ते ड्रिल, म्हणजे साधं तिरक्या विणीचं कापड. तेसुद्धा पॉलिकॉटन. हेरिंगबोनमध्ये तिरक्या रेषा ठरावीक अंतराने दिशा बदलतात, तुमच्या कापडात त्या मुकाट्याने एकाच बाजूला जातात. तरी म्हटलं, खात्री करावी. कडेचा धागा ओढला आणि काडी लावली. सुती धागा कागदासारखा वास सोडत जळतो आणि त्याची राख फुंकरीने उडते. तुमचा धागा आकसला, वितळला आणि टोकाला काळा मणी होऊन बसला. नखाने फुटेना. मग कापड उरेबवर ओढलं, तर बोटभर लांबलं. कूटिल वापरायचं ते मुळात ताणू नये आणि पट्टीचं टोक त्यातून बाहेर येऊ नये म्हणून. ताणणारंच कापड हवं असतं तर मी कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलं असतं, व्हॅट वाचला असता.

पट्ट्या चपट्या, पांढरा लेप दिलेल्या. चोवीसच्या चोवीस. मोजणीत तुम्ही चोख आहात, हे मान्य.

बस्क स्पून नाहीच, सरळ आहे. बरं, सरळ तर सरळ, निदान लागावा! एका पट्टीवरच्या खुंट्या आणि दुसरीवरच्या कड्या यांच्यातलं अंतर जुळत नाही. वरच्या चार बसतात. शेवटची खुंटी कडीच्या अर्धा सेंटिमीटर खाली राहते, आणि ओढून लावलीच तर पोटावर झोळ येतो. बस्कचं काम पोट सपाट ठेवणं, आणि तुमचा बस्क तिथेच झोळ पाडतो. कौशल्य लागतं याला.

आता मूळ मुद्दा, म्हणजे आजचा फोन. तुमच्याकडे म्हणे संभाषण ‘गुणवत्ता व प्रशिक्षणासाठी’ ध्वनिमुद्रित होतं. ते काढून ऐका. नसेल सापडत तर मी सांगते.

मी म्हटलं, स्पायरलऐवजी चपट्या पट्ट्या आल्या आहेत.

“मॅडम, स्टीलच्याच आहेत ना?”

आहेत. पण चपटी पट्टी फक्त पुढे-मागे वाकते, स्पायरल कडेनेही वळते. कमरेवरून नितंबाकडे जाणाऱ्या शिवणी कडेने वळतात. तिथे चपटी घातली तर ती शिवणीबरोबर वळत नाही, अंगात रुतते. चपट्या मागे आयलेटच्या, म्हणजे नाडी ओवायच्या भोकांच्या, दोन्ही अंगांना लागतात, तेवढ्या चार ठीक आहेत.

“मग चार तर चालल्या की मॅडम!”

मी गप्प बसले. त्यांना बहुधा वाटलं, पटलं. त्या मायेने म्हणाल्या, “हे फॅन्सी ड्रेससाठीच आहे ना? एक दिवस घालायचं. आतून कोण बघतंय?”

आतून कोण बघतंय! त्यावर मला होल्डवर टाकलं, बासरी लावली, आणि बासरी संपल्यावर ‘सीनियर’ आले. त्यांना पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि तोडगा सुचवला: बस्कची खालची खुंटी काढून टाका आणि तिथे ब्लाउजचा हुक लावा. मी विचारलं, तुम्ही स्पून बस्क कधी पाहिलाय का? “मॅडम, आम्ही टेक्निकल नाही.” मग टेक्निकल कोण आहे? “ते फोनवर येत नाहीत.”

व्यवस्थापक महोदय, स्टीमपंकवाले, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या काळावर बेतलेले कल्पित पोशाख हौसेने घालणारे लोक, कॉर्सेट बाहेरून घालतात. ब्लाउजवर, घागऱ्यावर, सगळ्यांना दिसेल असं. त्यावर साखळ्या, घड्याळाची चाकं आणि चामड्याचे पट्टे लावतात. तेव्हा ‘आतून’ हा प्रश्नच येत नाही. आणि माझ्या गिऱ्हाईकबाईंना तर ते खरोखरच आत हवं आहे, म्हणजे आणखी पंचाईत. त्यांना 1885 च्या सुमाराचा पोशाख हवा आहे. दुसऱ्या बसलचा, म्हणजे घागरा मागे फुगवणाऱ्या आधाराचा, तो काळ, मागे घागरा जवळजवळ आडवा निघतो. त्याचा आणि पेटीकोटचा सगळा भार कमरेवर येतो, तो कॉर्सेटने पेलायचा असतो. वरची बॉडिस, म्हणजे घट्ट पोलकं, अंगाच्या मापाने बेततच नाहीत, कॉर्सेट घालून घेतलेल्या मापाने बेततात. कॉर्सेट नाही तर मापं नाहीत, मापं नाहीत तर बेतणं नाही. मखमल आणून घरी पडली आहे, तिला कात्री लावता येत नाही, कारण तुमचा बस्क लागत नाही.

आणि हे एक दिवस घालायचं नसतं हो. लिंकनमध्ये 2009 पासून स्टीमपंकवाल्यांचा मेळा भरतो. सुटीला जोडून लोक दिवस दिवस किल्ला आणि कॅथीड्रल यांच्याकडे जाणाऱ्या त्या दगडी चढावावरून वरखाली करतात, याच कपड्यांत. माझी बहुतेक गिऱ्हाईकं पन्नाशीच्या पुढची आहेत. निवृत्त माणसं, पण नेमका काळ ओळखणारी. बाही 1895 ची फुगीर आहे की 1902 ची मनगटाशी फुललेली, हे लांबून सांगतात. त्यांना मी ब्लाउजचा हुक दाखवू?

काळावरून आठवलं. तुमच्या किटच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘व्हिक्टोरियन’ आणि खाली 1860 असं छापलंय. चित्रातली बाई मात्र छाती पुढे, नितंब मागे, अशी ‘एस’च्या आकारात उभी. तो सरळ बस्कचा कॉर्सेट 1900 च्या आगेमागे आला. व्हिक्टोरिया राणी 1901 च्या जानेवारीत वारली, म्हणजे ही बाई बहुतांशी तिच्या मुलाच्या, एडवर्डच्या राज्यातली. 1860 मध्ये तर घागऱ्याखाली क्रिनोलिनचा पिंजरा होता, खाली घेर एवढा की कॉर्सेट आखूड असला तरी भागायचं. वर्णनात 1880, पाकिटावर 1860, चित्रात 1900. एका किटमध्ये चाळीस वर्षं! हेही मी फोनवर सांगितलं. सीनियर म्हणाले, “जुनंच ना मॅडम सगळं.”

परताव्याचं ऐका. तुमचा नियम असा की पाकीट सीलबंद असेल तरच माल परत घेणार. सील न फोडता आत स्पायरल आहे की चपटी हे कसं ओळखायचं, तेवढं तुमच्या टेक्निकल माणसाला विचारून कळवा, ते फोनवर येत नसले तरी. मी फोटो पाठवले होते: कापडाचा, जळलेल्या धाग्याचा, बस्कच्या त्या शेवटच्या खुंटीचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. त्यावर उत्तर आलं की तक्रारीचं ‘समाधानकारक निराकरण’ झालं असून तिकीट बंद केलं आहे. कोणाचं समाधान झालं? माझं तर नाही. कापड अजून ड्रिलच आहे.

वाईट याचं वाटतं की मागे तुमच्याकडूनच पितळी आयलेट घेतली होती आणि ती उत्तम निघाली. वॉशरसकट, कडा गुळगुळीत, नाडी कितीही ओढली तरी एक निसटलं नाही. इथल्या शिवणाऱ्या बायकांना मी कौतुकाने सांगितलं होतं, मुंबईहून मागवा, आपली माणसं आहेत, फसवणार नाहीत. त्यांतल्या दोघी आता तुमच्या किटबद्दल विचारताहेत. त्यांना काय सांगायचं हे तुमच्या उत्तरावर आहे.

मला हवं ते असं: खरं सुती कूटिल, 20 स्पायरल पट्ट्या आणि जुळणारा स्पून बस्क, कुरिअर तुमच्या खर्चाने. नाहीतर किंमत, कुरिअर आणि व्हॅट मिळून सगळे पैसे परत. ‘पुढच्या खरेदीवर 10 टक्के सूट’ नको. ती आजच देऊन झाली आहे, आणि ती ऐकून मी काय बोलले तेही ध्वनिमुद्रित असेल.

ई-कॉमर्सचे 2020 चे नियम तुमच्या कायदेशीर विभागाला माहीत असतील. तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण एका महिन्यात, आणि जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार द्यायचा नाही. सील असो वा नसो. माझा भाऊ ठाण्याला आहे, निवृत्त आहे, आणि त्याला अशा कामांची हौस आहे. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर, मग ग्राहक आयोगात. मी त्याला कागद पाठवून ठेवले आहेत.

उत्तर मेलवर आणि लेखी द्या. फोन करू नका. आणि केलाच, तर त्या टेक्निकल माणसाला बसवा.

आपली,
(अजून तरी) ग्राहक
लिंकन, इंग्लंड

सोबत: पावती, व्हॅट भरल्याची पावती, तेच फोटो पुन्हा एकदा.